कानसेनाने ऐकलं नाही ते

या वर्षी भाद्रपद पुन्हा कोरडा चालला आहे. सकाळी गच्चीवर जाऊन बघावं तर आभाळ धुऊन पालथ्या घातलेल्या ताटासारखं स्वच्छ, आणि त्या स्वच्छपणाचाच राग येतो. खाली गल्लीत टँकरच्या वाटेवर घागरी, कॅन, रंगाचे रिकामे डबे ओळीने मांडलेले. लातूरकरांना यातलं काही नवं नाही. तरी दर वेळी आपण जरा चकित होतो, आणि मग कामाला लागतो.

परवा भाची आली होती. सोफ्यावर पाय वर घेऊन मोबाइल बघत म्हणाली, "मावशी, नवा अल्बम आलाय. लोकांनी पार धुतलाय गं त्याला." आणि मला मतं वाचून दाखवायला लागली. एकाने लिहिलं होतं, आवाज मेला. दुसऱ्याने लिहिलं होतं, याने आता घरी बसावं.

"तू ऐकलास का?" मी विचारलं.

"दोन गाणी. म्हणजे, दोन गाण्यांची सुरुवात."

"याने आता घरी बसावं" हे वाक्य कानात अडकून बसलं. कारण जवळजवळ याच अर्थाचं एक वाक्य मी स्वतः लिहिलं होतं. तेव्हा लातूर जिल्हा नवा होता, दुष्काळ होता, आणि मी तेवीस वर्षांची होते.

मी हदगाव तालुक्यातल्या एका खेड्यातली. बाबा प्राथमिक शाळेत शिक्षक. टायपिंगची परीक्षा नांदेडला दिली आणि लातूरच्या नव्या कलेक्टर कचेरीत लिपिक म्हणून लागले. जिल्हा नवा असला तरी कागद जुने होते. त्यांच्यावर जुन्या जिल्ह्याचं नाव, उस्मानाबाद, छापलेलं असायचं. ते लाल शाईने खोडायचं आणि वर लातूरचा रबरी शिक्का मारायचा. सकाळचा पहिला तास आम्ही टायपिस्ट शिक्केच मारत असू. बोटं जांभळी व्हायची. त्या जांभळ्या बोटांनी मी रोजगार हमीच्या कामांच्या याद्या टाइप करायची: पाझर तलाव, नाला सरळीकरण, खडी फोडणे. पाझर तलाव हा शब्द मी किती वेळा टाइप केला असेल कुणास ठाऊक. प्रत्यक्षात एकही पाहिला नव्हता.

त्या ऋतूची आठवण मला डोळ्यांपेक्षा कानांनी जास्त येते. जिकडेतिकडे बोअर पाडणाऱ्या गाड्या चाललेल्या. दिवसभर जमिनीत घण बसल्यासारखा धड-धड आवाज, मध्येच एक लांब फुसकारा, आणि पांढरी धूळ. पाणी लागलं की लोक ओरडायचे. नाही लागलं की गाडीचा आवाज बंद व्हायचा आणि त्या गल्लीत एकदम शांतता पसरायची. ती शांतता मला ओळखू यायला लागली होती. नळाला पाणी यायच्या आधी तोटीतून हवा सुटायची, तो आवाज ऐकून आम्ही भाडेकरू बायका हातातलं काम टाकून धावायचो. आणि या सगळ्यांवर कॅसेटी. तेव्हा नुकतीच कॅसेटची लाट आली होती. चहाच्या हॉटेलात, केशकर्तनालयात, एसटी स्टँडवरच्या रसवंतीत, सगळीकडे टेप वाजत असायचे. पाणी नव्हतं, पण गाणी भरपूर होती.

बसवंतअप्पा मला भेटले ते कचेरीतच. साठीचे, पांढरा सदरा, खिशाला शाईचा डाग. त्यांचं एक साप्ताहिक होतं. संपादक तेच, प्रूफं तपासणारे तेच, छपाईचं पायडल मारणारा माणूस आला नाही तर तेही तेच. दुष्काळी कामांची यादी मागायला ते आमच्या शाखेत आले होते. बाहेरच्या कँटीनमधून नव्या कॅसेटमधलं एक गाणं ऐकू येत होतं. मी यादी शोधता शोधता सहज बोलून गेले, "यातला तबला माणसाचा नाही. मशीनचा आहे. सम येते, पण कुणी आणत नाही."

अप्पा थांबले. "परत म्हणा?"

मी परत म्हटलं.

"हे लिहून द्याल का? दर आठवड्याला एक नवी कॅसेट. चांगली का वाईट, आणि का. 'का' महत्त्वाचं. चांगली-वाईट तर सगळेच म्हणतात."

मी हो म्हटलं, पण नाव घालायचं नाही या अटीवर. सरकारी नोकरी, परगावात एकटी राहणारी मुलगी. आणि आणखी एक कारण, जे मी अप्पांना सांगितलं नाही. माझं आडनाव वाचलं की लोक आधी माझी जात ठरवणार आणि मग माझ्या कानांची लायकी. ते मला नको होतं. "मग कानसेन लिहू," अप्पा म्हणाले, आणि कानसेन जन्माला आला. लोकांनी त्याचं चित्रही मनाशी ठरवून टाकलं. आमचे हेडक्लार्क एकदा म्हणाले, "हा कानसेन कुणीतरी निवृत्त संगीतशिक्षक असणार. भाषेतच वय दिसतं." मी मान खाली घालून शिक्के मारत राहिले.

कॅसेटी मला इस्माईलभाई द्यायचे. गंजगोलाईच्या बाजारपेठेजवळ त्यांचं खोक्यासारखं दुकान होतं, तिन्ही भिंती कॅसेटींनी भरलेल्या. त्यांना मी कानसेन असल्याचं ठाऊक होतं आणि ते त्यांनी कुणालाही सांगितलं नाही. शनिवारी कचेरी सुटली की मी स्टुलावर बसायची, ते कॅसेट लावायचे आणि गिऱ्हाईक आलं की आवाज बारीक करायचे. "बाईसाब, दोनों बाजू ऐकल्याशिवाय लिहू नक्को हां," हे ते दर वेळी सांगत. फीत अडकली की पेन्सिल घालून ती हळूहळू गुंडाळत बसायचे.

मला लिहायची चटक लागली. माहूरच्या रेणुकेच्या गाण्यांची कॅसेट आली, तेव्हा मी लिहिलं की गायिकेचा गळा गोड आहे, पण दर ओळीनंतर घंटा आहे. इतक्या घंटांनी देवीला झोप कशी लागणार? गझलांच्या एका कॅसेटबद्दल लिहिलं की गायक शब्दांवर इतका फिदा आहे की सूर दाराबाहेर ताटकळत उभा राहतो. लोक हसायचे. हॉटेलात मोठ्याने वाचायचे. कुणी हसलं की मला आणखी एक तिखट वाक्य सुचायचं. तेवीस वर्षांच्या मुलीच्या हाती असं शस्त्र लागलं की ते ती चालवून बघतेच.

त्यातच दिवाळीच्या आगेमागे भानुदास मास्तरांची कॅसेट आली.

भानुदास मास्तर उदगीरच्या पलीकडचे, आमच्याच समाजातले, भीमगीतं गाणारे. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, गाण्याच्या पार्टीचे. आमच्या घरी त्यांचं नाव आदराने घेतलं जायचं. बाबांनी त्यांना तरुणपणी देगलूरकडे कुठेतरी ऐकलं होतं आणि ते वर्णन मी लहानपणापासून ऐकत आले होते: माईक बंद पडला तरी शेवटच्या माणसापर्यंत शब्द पोचला. मी स्वतः मात्र त्यांना कधी ऐकलं नव्हतं. आता त्यांची पहिली कॅसेट आली होती, मुंबईला जाऊन भरलेली. कव्हरवर कोट घातलेला फोटो. कोट त्यांचा नसावा, खांद्यावरून उतरत होता.

इस्माईलभाईंनी कॅसेट लावली. मी मोठ्या आशेने कान दिला. आधी कीबोर्डची एक चकचकीत लहर, मग मशीनचा ताल, मग एक दमलेला, खाली बसलेला आवाज. महाडच्या चवदार तळ्यावरचं गाणं होतं. ओंजळीत पाणी घेण्याचा क्षण, आणि गाणारा असा गात होता जणू कुणी त्याला यादी वाचायला दिली आहे. दोन्ही बाजू ऐकल्या. सगळीकडे तेच. मला राग आला. बाबांनी इतकी वर्षं सांगितलेली गोष्ट खोटी निघाल्याचा तो राग होता, असं आता वाटतं. आपल्याच माणसाला सूट दिली असं कुणी म्हणू नये, हेही मनात होतंच. मी लिहिलं: "भानुदास यांचा आवाज संपत आल्याची ही कॅसेट म्हणजे खूण आहे. त्यांनी आता थांबावं आणि लोकांच्या आठवणीत तरी चांगलं राहावं."

अप्पांनी ते वाचलं, चष्मा काढला, पुसला. "जरा कडक आहे."

"खोटं आहे का?"

"मी कॅसेट ऐकली नाही," अप्पा म्हणाले, आणि छापलं.

मार्गशीर्षात बाबांचं पाकीट आलं. पत्र मोठं होतं. गावात एप्रिलच्या जयंतीला भानुदास मास्तरांना बोलवायचं ठरलं होतं, आणि बाबांनी त्यांना आमंत्रण लिहिलं होतं. मास्तरांचा नकार आला. त्यांनी लिहिलं होतं की लातूरच्या पेपरात माझा आवाज संपल्याचं छापून आलंय, जाणत्या माणसानं लिहिलंय, तेव्हा गुरुजी, तुम्ही दुसरा गायक बघा. मी पार्टी मोडली आहे. सोबत कात्रण जोडलं होतं. माझे शब्द चार घड्या पडून, उदगीर आणि हदगाव फिरून माझ्याच हातात आले होते. खाली बाबांनी लिहिलं होतं: "हा कानसेन कोण टिकोजी आहे? तू तिथेच आहेस. तुझी भाषा चांगली आहे. त्याला सणसणीत उत्तर लिही. आपल्या माणसाचा आवाज असा कुणी बंद करावा आणि आपण बघत बसावं?"

ते पत्र मी किती वेळा वाचलं ते आठवत नाही. एवढं आठवतं की त्या दिवशी नळाला हवा सुटल्याचा आवाज आला आणि मी उठले नाही.

महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी कचेरीला सुटी होती. मी सकाळच्या एसटीने उदगीरला गेले, तिथून दुसऱ्या गाडीने मास्तरांच्या गावी. वाटेत दोन्ही बाजूंना उभी वाळलेली तूर, शेंगा न धरलेली. मास्तरांच्या घराला कडी. शेजारची म्हातारी म्हणाली, "तळ्यावर गेल्याती समदे. तिथंच घावतील."

असा मी माझा पहिला पाझर तलाव पाहिला. टाइप केलेल्या दोन शब्दांतून काहीच कळलं नव्हतं. एका उथळ दरीत दीड-दोनशे माणसं होती. खालून मुरूम खणायचा, पाट्यांत भरायचा, चढावरून वर न्यायचा, ओतायचा, परत यायचं. बायकांच्या डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर पाटी, तोंडावर पदर. पायाखाली मुरूम करकरत होता. पाणी कुठेच नव्हतं. पाणी येईल तेव्हा ते थांबावं म्हणून एवढी माणसं आधीपासून घाम गाळत होती.

दुपारची सुटी झाली तेव्हा मुकादमाने बोट दाखवलं. बाभळीच्या विरळ सावलीत एक उंच, वाळलेला माणूस भाकरी सोडत होता. शेजारी त्याची बायको. मी जवळ जाऊन नमस्कार केला, बाबांचं नाव सांगितलं. त्यांचा चेहरा उजळला.

"गुरुजींची लेक? बसा बाई, बसा. एवढ्या उन्हात कशाला आलाव?"

मी उभीच राहिले. बसून सांगता आलं नसतं. "मास्तर, पेपरात लिहिणारा कानसेन म्हणजे मी आहे."

त्यांचा हात भाकरीवर थांबला. माझ्याकडे त्यांनी नीट पाहिलं, माझी वेणी, खांद्यावरची पर्स, धुळीने माखलेल्या चपला. मग म्हणाले, "मला वाटलं, कुणी म्हातारा जाणता मानूस आसंल. तुमी तर लेकरू हाव."

"चुकलं माझं."

"न्हाई बाई. चुकलं कसं? कॅसेट म्या बी आयकली. आवाज मेलेलाच हाय तिच्यात. तुमी खरं लिवलं."

आणि इथे त्यांची बायको बोलली. तोवर ती माझ्याकडे बघतही नव्हती. "काय खरं लिवलं? मेला न्हवता. खाली दाबला व्हता." तिने भाकरी फडक्यात गुंडाळून बाजूला ठेवली. "ह्यो मानूस पेटीच्या काळी चारमदी गातो, वरच्या पट्टीत. तिथं गेलो तर वाजंत्री आधीच भरून ठिवलेली, दुसऱ्या कुणासाठी. काळी एकमदी. म्हनले, आता ह्याच्यावरच गावा, येळ न्हाई. ढोलकीवाला भाईर बसिवला. मला बी भाईर बसिवलं. म्हनले, कोरसला आमच्या बाया हायेत. वीस वर्सं ह्यांच्या मागं मी झील धरली. ह्यांचा सूर माझ्यावर टेकतो, अन् मला काचंच्या भाईर बसिवलं. म्या काचंतनं बघलालते, ह्यांचं तोंड हाललालतं, अन् मला काईच आयकू येईना."

माझ्याजवळ तेवढे कान होते, की तबला मशीनचा आहे हे एका ठोक्यात ओळखावं. पण एक माणूस त्याच्या पट्टीतून उचलून दुसरीकडे बसवला आहे आणि त्याच्या मागचा आवाज काढून घेतला आहे, हे मला ऐकू आलं नव्हतं. आवाज खाली आहे हे मी ऐकलं. का, हे विचारलंच नाही. अप्पांनी तर तेवढंच मागितलं होतं.

"एकदा ऐकवाल का?" मी म्हटलं.

मास्तरांनी मान हलवली. "सोडलं आता."

त्यांची बायको त्यांच्याकडे बघतही नव्हती. ती समोरच्या उघड्या खड्ड्याकडे बघत होती. तिने बसल्या बसल्या, पेटी नाही, ढोलकी नाही, नुसत्या टाळीवर तळ्याच्या गाण्याची झील सुरू केली. एकदा. दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा ती शेवटचा स्वर धरून थांबली, आणि तो स्वर असा मोकळा राहिला की कुणीतरी तो उचलणं भागच होतं. मास्तरांनी डोळे मिटले.

*ओंजळीत घेतलं पानी, पान्यानं वळखलं मला...*

बाबांनी सांगितलेलं सगळं खरं होतं. तो आवाज वर गेला आणि वरच राहिला, तिथेच त्याचं घर असल्यासारखा. त्याला जरा धार होती, जरा खरखर होती, आणि प्रत्येक शब्द शेवटपर्यंत शाबूत. मागून तिचा आवाज यायचा, त्याला टेकू द्यायचा, सोडायचा, पुन्हा यायचा. सावल्यांना बसलेली माणसं एकेक करून जवळ सरकली. घोट घोट पुरवायच्या पाण्याचे तांबे हातात धरून बायका ऐकत होत्या. ज्यांचे आजे-पणजे महाडला कधी गेले नव्हते, अशीही माणसं त्यात होती. पण पाण्याने ओळखावं म्हणजे काय, ते त्या खड्ड्यात बसलेल्या कुणालाच समजावून सांगावं लागत नव्हतं. गाणं संपलं, मुकादमाने शिट्टी वाजवली, आणि मास्तर पाटी उचलून चालायला लागले. चढावर त्यांची पाठ मला दिसत होती. गुणगुणत होते की नाही ते लांबून कळलं नाही. गुणगुणत होते, असं मात्र मी धरून चालले.

परत आल्यावर मी बाबांना पत्र लिहिलं. सगळं लिहिलं. उत्तर आलं नाही. त्याऐवजी पुढच्या रविवारी बाबाच आले, नांदेडहून एसटीने, हातात पिशवी, पिशवीत आईने दिलेली ज्वारीची पापडी. खोलीत बसले. चहा घेतला.

"टीका केलीस म्हणून मी रागावलो असं तुला वाटतं का?" मग ते म्हणाले.

"हो."

"न्हाई. आपलं असलं तरी वाईट असंल तर वाईट म्हणावं. ते तर शिकून राहिलो आपण. पण नाव का लपवलंस?" त्यांनी कप खाली ठेवला. "माझ्या बापाला स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं. त्याचा अंगठा धरून कागदावर टेकवायचे. मी शिकलो, मग तू शिकलीस. अन् पेपरात छापायची वेळ आली तर तू नाव झाकलंस. मास्तरला वाटलं, कुणीतरी मोठा माणूस बोलला. गुरुजीची पोरगी बोलली असं कळतं तर त्यानं तुला उलट दोन शब्द सुनावले असते, अन् गात राहिला असता."

मी रडले. त्यांनी रडू दिलं. मग पिशवीतली पापडी काढून माझ्यापुढे ठेवली.

अप्पांकडे गेले आणि म्हटलं, परीक्षण मागे घ्यायचं आहे.

"मागं कसं घ्यायचं? छापलंय. खोटं होतं का?"

"खोटं नव्हतं. अर्धं होतं."

"मग राहिलेलं अर्धं लिही की," अप्पा म्हणाले. 'लिहा' वरून ते पहिल्यांदाच 'लिही' वर आले होते.

मी लिहिलं. पट्टी काय असते, ती बदलली की गळ्याचं काय होतं, झील म्हणजे काय, आणि ती काढून घेतली की गाण्याचं काय होतं. तलावावर मी काय ऐकलं. खाली माझं नाव, आडनावासकट. कचेरीत त्याची रीतसर परवानगी घेतली. हेडक्लार्कांनी अर्ज दोनदा वाचला, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाले, "म्हणजे तो निवृत्त शिक्षक...?" त्यानंतर चार दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. पाचव्या दिवशी एक कॅसेट घेऊन आले, ही कशी वाटते म्हणून.

काही लोक माझं नाव वाचून म्हणाले, आता कळलं आपल्या माणसाची बाजू का घेतली ते. म्हणणार हे ठाऊक होतं. वाटलं होतं तेवढं लागलं नाही.

ते परीक्षण वाचून इस्माईलभाई पहिल्यांदाच दुकान बंद करून कुठे गेले. बरोबर आपला चांगला टेप आणि दोन माईक घेऊन मास्तरांच्या गावी. मीही गेले. विहारात सतरंजी अंथरली, भर दुपारी, कारण सकाळ-संध्याकाळ कामावर. मास्तर, ढोलकीवाला, पेटी, आणि यावेळी त्यांची बायको माईकच्या अगदी समोर. खिडक्यांना गोणपाट लावलं, तरी एका गाण्यात बाहेर शेळी ओरडली आहे. इस्माईलभाई म्हणाले, "रहने दो. शेळी बी सुरात आहे." त्या कॅसेटची काही मोठी धूम झाली नाही. पण उदगीरच्या स्टँडवर वाजली, लातूरच्या हॉटेलांत वाजली, आणि एप्रिलमध्ये मास्तर पार्टी घेऊन हदगावकडे आमच्या गावी आले. बाबा पहिल्या ओळीत बसले होते. माईक चालू होता, पण त्याची गरज नव्हती.

आता खरी गोष्ट सांगायची राहिली आहे.

नव्या कॅसेटचं परीक्षण अर्थात मीच लिहिलं. चांगलंच लिहिलं, पण नुसतंच चांगलं लिहून मोकळं व्हायचं नाही असं ठरवलं होतं. म्हणून शेवटी एक दोष दाखवला: "चौथ्या गाण्याच्या दुसऱ्या कडव्यात मास्तरांच्या पत्नींची झील अर्धा ठोका उशिरा येते, ते खटकतं."

वैशाखातली दुपार होती. आमच्या टायपिस्टांच्या खोलीत पंखा उकडतं वारं इकडून तिकडे ढकलत होता. दारात कुणीतरी उभं असल्याचं जाणवलं. मास्तरांची बायको. हिरवं लुगडं, हातात माझ्या लेखाचं कात्रण. गावाकडच्या पाण्याच्या टँकरचा अर्ज घेऊन चार बायकांबरोबर ती कचेरीत आली होती, आणि त्या चौघींना व्हरांड्यात बसवून एकटी आत आली होती.

"ह्ये तुमी लिवलंत?"

"हो. बसा ना."

"बसत न्हाई. ह्यांनी वाचून दावलं. उशीर झाला म्हनलाव. उशीर न्हाई झाला. थांबले मी. ह्यांचा सबूद पुरा व्हावा, मानसाच्या कानात उतरावा, मंग मी उचलते. आयका." आणि तिने तिथेच, फायलींच्या ढिगापाशी, हलक्या आवाजात दोन्ही करून दाखवलं. आधी ठोक्यावर उचललेली झील. मग अर्धा ठोका थांबून उचललेली. पहिल्यात गाणं बरोबर होतं. दुसऱ्यात त्या मोकळ्या अर्ध्या ठोक्यात मास्तरांचा शेवटचा शब्द एकटा उभा राहिला.

"चुकले," मी म्हटलं. "पुढच्या अंकात छापते. माझी चूक म्हणून."

"छापा." ती जायला वळली नाही. कात्रणावर बोट ठेवून म्हणाली, "अजून येक. ह्ये 'मास्तरांच्या पत्नी' म्हंजी कोन?"

मी कात्रण हातात घेतलं.

"त्या तळ्यावरच्या लेखात बी तसंच. समदीकडं 'मास्तरांच्या पत्नी'. कॅसेटच्या कागदावर बी नाव न्हाई. मला नाव हाय की बाई."

मला तिचं नाव माहीत नव्हतं. दोन लेख लिहिले, तिच्या गावी दोनदा गेले, तिच्या हातची भाकरी खाल्ली, तिच्या गळ्यामुळे माझं सगळं बदललं, आणि मी कधी नाव विचारलं नव्हतं. मी मशीनवर कोरा कागद चढवला.

"सांगा."

"प्रयागबाई."

मी टाइप केलं. तिने वाकून बघितलं. प्रौढ शिक्षणाच्या वर्गाला काही महिने गेली होती, अक्षरं ओळखत होती. बोट फिरवत एकेक अक्षर लावून तिने ते वाचलं.

"पुढे भानुदास लिहू ना?" मी विचारलं.

प्रयागबाईंनी जरा विचार केला. "त्ये मागनं बगू," त्या म्हणाल्या. "आधी बापाचं लिवा. गानं त्यानं शिकिवलं."